हौसेचे तळे

आपल्या बापजाद्यांनी संकटांचे दोन खाने पाडून ठेवले आहेत: आस्मानी आणि सुलतानी. पाऊस आला नाही, फार आला, टोळधाड उतरली तर ती आस्मानी. फौज उतरली, सारा चढला, अंमलदाराने गाव नागवले तर ती सुलतानी. साऱ्याची सूट मागताना हा भेद मोठ्या कामाचा असे. अमेरिकेत असे दोन सुटसुटीत शब्द नाहीत, आणि म्हणूनच की काय, ३१ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉन्सटाउन या गावावर जे कोसळले ते कोणत्या खान्यात टाकायचे, याचा वाद तिकडे अजून पुरता मिटलेला नाही. त्या एका दुपारी माणसे दगावली ती २,२०९, असा रूढ आकडा आहे. त्यांना ज्या पाण्याने बुडविले ते धरणाचे होते. शेतीला पाणी द्यावे, गिरणी चालवावी, शहराची तहान भागवावी, यांतला कोणताच हेतू त्या धरणामागे उरला नव्हता. काही धनिक मंडळींना उन्हाळ्यात मासे गळाला लावता यावेत, एवढ्यासाठी ते पाणी अडवून ठेवलेले होते.

मी पुण्याचा. पानशेतच्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच आमची पिढी वाढली. त्यामुळे धरणफुटीची कोणतीही हकीकत वाचताना माझी नजर आधी भिंतीकडे जाते आणि मग मालकाकडे. साउथ फोर्कच्या या धरणाच्या बाबतीत मालकांची कहाणी भिंतीच्या कहाणीहून अधिक चमत्कारिक आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

धरण मूळचे सरकारी. फिलाडेल्फियापासून पिट्सबर्गपर्यंत मालाची ने-आण करण्यासाठी पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्यांची एक मोठी साखळी उभारली होती. मध्ये ॲलेगेनीचा डोंगर आडवा येई, तेथे कालव्यातल्या नावा चक्क गाड्यांवर चढवून, दोरखंडांनी ओढून डोंगरापलीकडे उतरवीत असत. जॉन्सटाउनपासून पुढच्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी पुरेना, तेव्हा गावाच्या वर डोंगरात साउथ फोर्क नावाच्या ओढ्यावर मातीचा बांध घालून साठा करावा असे ठरले. काम १८४० च्या सुमारास निघाले, पैशांअभावी मध्ये बरीच वर्षे पडून राहिले आणि १८५३ मध्ये एकदाचे पुरे झाले. बांध ७२ फूट उंच आणि ९०० फुटांहून अधिक लांब होता. पाण्याकडच्या अंगाला चिकणमातीचे थर पाणी शिंपडून चोपून बसविलेले, पलीकडच्या अंगाला दगडांचे अस्तर. बाजूच्या खडकात कोरलेला सांडवा, आणि तळाशी दगडी मोरीत बसविलेल्या बिडाच्या पाच नळ्या, प्रत्येकी दोन फूट व्यासाची. गरज पडेल तेव्हा या नळ्या उघडून तळे रिकामे करता येई. या पाच नळ्या वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवाव्यात.

दैवाची थट्टा अशी की, धरण पुरे होईपर्यंत आगगाडी पिट्सबर्गला जाऊन पोहोचली होती. कालव्याचा जमाना संपला. १८५७ मध्ये राज्याने सगळी कालवासाखळी पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीला ७५ लाख डॉलरला विकली, आणि त्या बाजारात हे धरणही गेले. लग्नात मुख्य दागिन्यांबरोबर जुनी ताटवाटी जावी, तसे. रेल्वेला त्याचा काय उपयोग? कुणी लक्ष दिले नाही. १८६२ मध्ये मोरीपाशीच बांध खचून फुटला. तळे तेव्हा अर्धेमुर्धेच भरलेले होते, नळ्याही उघडलेल्या होत्या, त्यामुळे खाली फारसे नुकसान झाले नाही. गाववाल्यांच्या मनात मात्र यातून एक घातक समजूत बसली असावी: धरण फुटते, आणि फुटले तरी काही होत नाही.

१८७५ मध्ये रेल्वेने ही मोडकी मालमत्ता जॉन रायली नावाच्या एका काँग्रेस सदस्याला २,५०० डॉलरला विकली. चारच वर्षांत त्याने ती २,००० डॉलरला बेंजामिन रफ या गृहस्थाला देऊन टाकली. मधल्या काळात त्या पाच बिडाच्या नळ्या काढून मोडीत विकल्या गेल्या. त्या रायलीनेच काढल्या असे बहुतेक अभ्यासक मानतात. व्यवहारातली पाचशेची खोट भरून काढायला भंगाराचे पैसे त्याला उपयोगी पडले असतील. खरेदीखतात जमीन लिहिलेली असते, चतुःसीमा लिहिलेली असते. खालच्या गावाचे काय, हे कोणत्याच खतात लिहिलेले नव्हते.

रफने १८७९ मध्ये ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ काढला. सभासद सुमारे साठ, पण त्यांची नावे वाचताना छाती दडपते: पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, कोळशाच्या भट्ट्यांचा राजा हेन्री क्ले फ्रिक, पेढीवाला अँड्र्यू मेलन, आणि पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झालेला वकील फिलँडर नॉक्स. पिट्सबर्गच्या धुरातून दोन-तीन तास आगगाडीने यायचे आणि डोंगरातल्या गार हवेत तळ्याकाठी राहायचे. सत्तेचाळीस खोल्यांचे क्लबघर, सोळा बंगले, शिडाच्या नावा, वाफेच्या लहान बोटी. लेक एरीमधून मुद्दाम आणून सोडलेले मासे. तळे जवळजवळ दोन मैल लांब होते. डोंगरावर बोटी फिरताना पाहून खालच्या लोकांना मोठी मौज वाटत असे.

आता दुरुस्तीची गोष्ट. धरणाला पडलेले खिंडार बुजविण्याच्या कामावर कुणी जाणता इंजिनियर नेमला गेला नाही. माती, दगड, झाडांच्या फांद्या, वाळलेले गवत, इतकेच काय घोड्याची लीदसुद्धा त्या भरावात गेली. १८७९ च्या नाताळात पावसाने ही पहिली मलमपट्टी धुऊन नेली. मग पुन्हा भराव. नळ्या परत बसविल्या नाहीत. बांधाच्या माथ्यावरून समोरासमोरच्या दोन घोडागाड्या सुखाने जाव्यात म्हणून माथा छाटून रुंद केला, म्हणजेच धरणाची उंची कमी केली. आणि महागाचे मासे सांडव्यातून निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या लावल्या. बांधाचा मधला भाग, जिथे जुने खिंडार होते, तिथे माथा किंचित खचलेलाही होता.

मातीच्या धरणाचा स्वभाव ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपल्या अंगणात पाहावे. दिवाळीत मुले किल्ला करतात, त्याच्या पायथ्याशी तळे करून मातीचा बांध घालतात. बांध चोपून केलेला असेल तर पाणी बराच वेळ थांबते. पण एखाद्या दांडगोबाने तांब्याभर पाणी जास्त ओतले आणि ते बांधाच्या माथ्यावरून एकदा वाहू लागले की संपले. आधी केसाएवढी ओघळ, मग बोटाएवढी, आणि पाहता पाहता सगळा बांध विरघळून मावळ्यांसकट बाजारपेठ वाहून जाते. दगडी धरणावरून पाणी गेले तर ते बहुधा तग धरते. मातीच्या धरणाला ते सोसत नाही. म्हणून मातीच्या धरणाचा प्राण भिंतीपेक्षा सांडव्यात असतो. इथे सांडव्याला जाळी, माथ्याला छाट, मध्यावर खच आणि तळाची मोरी बंद. प्रत्येक फेरफार एकेकटा पाहिला तर क्षुल्लक वाटतो.

हे कुणाच्याच लक्षात आले नाही असे मात्र नाही. जॉन्सटाउनचा सारा संसार ज्या कारखान्यावर चाले त्या केंब्रिया आयर्न कंपनीचा प्रमुख डॅनियल मॉरेल याने १८८० च्या नोव्हेंबरात आपला इंजिनियर जॉन फुल्टन याला वर पाहणीसाठी पाठविले. फुल्टनने दोन दोष स्पष्ट लिहून दिले: तळे रिकामे करायला वाटच नाही, त्यामुळे पुढे दुरुस्ती करायची म्हटली तरी करता येणार नाही; आणि भराव कच्चा आहे, त्यातून पाणी झिरपते आहे. रफने उत्तर धाडले, त्याचा मथितार्थ असा की, आमच्या उद्योगापासून तुम्हाला आणि तुमच्या माणसांना कसलीही भीती नाही. मॉरेलने पुन्हा लिहिले. खर्चाचा वाटा आमची कंपनी उचलील असेही सुचविले. ते नाकारले गेले.

हा पत्रव्यवहार मला साऱ्या प्रकरणाचे मर्म वाटतो. खालच्या गावातला सर्वांत वजनदार माणूस, पदरचे पैसे द्यायला तयार, हाती तज्ज्ञाचा अहवाल. आणि तरीही तो काही करू शकत नाही, कारण धरण दुसऱ्याचे आहे आणि दुसऱ्याच्या धरणाला हात लावायला कायद्याने त्याला जागा ठेवलेली नाही. शेवटी मॉरेलने स्वतःच क्लबचे सभासदत्व विकत घेतले. आत राहून नजर ठेवावी हा हेतू असावा. १८८५ मध्ये तो वारला, १८८७ मध्ये रफही गेला. मॉरेलची जागा त्याच्या कंपनीचा वकील सायरस एल्डर याच्याकडे आली. जॉन्सटाउनचा असा तो एकटाच सभासद. पुरात त्याची बायको आणि मुलगी दोघी गेल्या.

३० मेच्या रात्री त्या भागात असा पाऊस झाला की तसा कुणाच्या आठवणीत नव्हता. चोवीस तासांत सहा ते दहा इंच. सकाळी क्लबचा अध्यक्ष कर्नल उंगर उठून पाहतो तो तळे माथ्याला भिडत चाललेले. क्लबच्या कामावर असलेले इटालियन मजूर त्याने बांधावर लावले. कुणी माथ्यावर नांगर धरून माती वर ओढतो आहे, कुणी दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खोदतो आहे, तर तिथे खाली कठीण जमीन लागलेली. जाळ्यांत काटक्या-कचरा अडकून सांडवा तुंबलेला. त्या काढाव्यात की मासे राखावेत यात आधीच बराच वेळ गेला होता, आणि अखेर काढायला गेले तेव्हा त्या निघेनात. जॉन पार्क नावाचा क्लबचा तरुण इंजिनियर घोडा फेकीत दोन मैलांवरच्या साउथ फोर्क स्टेशनावर गेला आणि तारेने इशारा द्या म्हणून सांगून आला. बांधाचे एक टोक आपणच फोडून पाणी सावकाश सोडावे, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. पण फोडले तर धरण नक्की जाणार; न फोडले तर कदाचित टिकेलही. बाविशीच्या पगारी पोराने मालकांचे तळे आपल्या जबाबदारीवर फोडावे, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

इशाऱ्याच्या तारा गेल्या. कुठे तारा तुटलेल्या होत्या, कुठे निरोप पोचला पण ऐकणाऱ्याने हसून सोडून दिला. दर पावसाळी वर्षी धरण फुटल्याची हूल उठतच असे.

दुपारी तीनच्या सुमारास बांधाचा मधला भाग गेला. तळे जॉन्सटाउनपासून चौदा मैलांवर आणि साडेचारशे फूट उंचावर होते. दरी अरुंद, पाणी पसरायला जागाच नव्हती. वाटेत रेल्वेचा एक उंच दगडी पूल होता, त्याने क्षणभर पाणी अडविले आणि मग पुलासकट ते दुप्पट जोराने निघाले. मिनरल पॉइंट नावाच्या वाडीत घरे तर नाहीच, पण माती उरली नाही. उघडा खडक राहिला. ईस्ट कॉनेमॉ येथे जॉन हेस या इंजिनचालकाने मागून येणारा लोंढा ओळखला आणि शिट्टीची दोरी बांधून टाकून इंजिन गावाकडे भरधाव सोडले. त्या अखंड शिट्टीचा अर्थ ओळखून जे टेकडीकडे पळाले ते वाचले. पुढे लोंढ्याने तारेचा कारखाना उचलला, आणि मैलोगणती काटेरी तार त्यात मिसळली. चार वाजून सात मिनिटांनी तो जॉन्सटाउनात शिरला. ज्यांनी पाहिला त्यांतल्या पुष्कळांना पाणी दिसलेच नाही. घरे, झाडे, डबे, रूळ, जनावरे यांचा एक काळा डोंगर चालून येताना दिसला.

गावाच्या खालच्या टोकाला रेल्वेचा दगडी पूल भक्कम उभा राहिला, आणि त्याच्या कमानींशी हा सारा ढिगारा अडला. तीस एकरांचा ढिगारा, काटेरी तारेने आवळलेला, आत जिवंत माणसे. संध्याकाळी त्याला आग लागली.

बळींत जवळजवळ चारशे मुले होती. नव्व्याण्णव कुटुंबे समूळ गेली. ७७७ मृतांची ओळख पटली नाही. त्यांच्यासाठी गावाच्या वर स्मशानभूमीत नाव नसलेल्या पांढऱ्या शिळांच्या रांगा आहेत. मदत मात्र जगभरातून आली, सदतीस लाख डॉलरहून अधिक. अमेरिकन रेड क्रॉसची क्लारा बार्टन स्वतः पाच महिने तळ देऊन राहिली. क्लबने हजार घोंगड्या पाठविल्या. काही सभासदांनी रकमा दिल्या, निम्म्यांच्या आसपास जणांनी काहीच दिले नाही.

मग खटले. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या स्थानिक पंचांनी मालकांना दोष दिला होता, पण दिवाणी न्यायालयात क्लबकडून एक पैसाही वसूल झाला नाही. क्लबचे बचावाचे वकील त्याचेच सभासद होते, नॉक्स आणि त्याचा भागीदार. बचाव दोन कलमी: हा ईश्वरी कोप, आणि क्लब ही वेगळी संस्था, तिची मत्ता म्हणजे ते रिकामे तळे आणि काही इमारती, सभासदांच्या खाजगी तिजोरीशी तिचा संबंध नाही. लक्षाधीशांनी मिळून एक दरिद्री मालक निर्माण केला होता, आणि धरण त्याच्या नावावर होते.

इंग्लंडात याआधीच वेगळा न्याय झाला होता. लँकेशरमधल्या एका गिरणीमालकाने जाणत्या माणसांकडून तलाव बांधवून घेतला, आणि पाणी जमिनीखालच्या जुन्या खाणीतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही, तरी १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यालाच भरपाई द्यायला लावली. निसटले तर घात करील असे काही जो आपल्या जमिनीत आणून साठवतो, तो ते आपल्या जोखमीवर साठवतो, हे त्यातले तत्त्व. ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या नावाने आपल्याकडचा वकिलीचा प्रत्येक विद्यार्थी ते घोकतो. पेनसिल्व्हेनियाच्या वरिष्ठ न्यायालयाने ते १८८६ मध्ये नाकारले होते. पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी ते स्वीकारले, आणि कायद्याचे काही अभ्यासक या पालटाचा संबंध जॉन्सटाउनशी लावतात.

याच तत्त्वाची परीक्षा आपल्या देशातही झाली होती, आणि तिचा निकाल मला फार मार्मिक वाटतो. मद्रास इलाख्यातल्या कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटले आणि रेल्वेचे पूल वाहून गेले. रेल्वे कंपनीने दावा लावला. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जमीनदाराला सोडले. कारण काय? हे तलाव पुरातन. त्यांच्यावर रयतेची शेती चालते. ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, नको म्हणून ते मोडून टाकण्याची त्याला मुभा नाही. तेव्हा निष्काळजीपणा दाखविल्याखेरीज तो जबाबदार नाही. म्हणजे पाणी कशासाठी अडविले, याला न्यायाच्या तराजूत वजन आहे. हाच काटा साउथ फोर्कला लावून पाहा. ते तळे राखण्याचे कर्तव्य कुणावर होते? ते एखाद्या वर्षी रिते ठेवले असते तर कुणाच्या ताटातली भाकरी कमी झाली असती?

असे असूनही सारा दोष हौसेवर टाकून मोकळे होता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत सरकारी होते, शेतीसाठी होते, त्यावर इंजिनियर होते; तेही मातीचेच, आणि त्याचेही दुखणे विमोचकाच्या मोरीपाशीच निघाले. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातले तिवऱ्याचे लहानसे धरण गेले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर एका मंत्रिमहोदयांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले. आस्मानी आणि सुलतानीच्या जोडीला हा तिसरा खाना आपल्या पूर्वजांना सुचला नव्हता.

पण हौसेच्या तळ्यांचे एक वेगळे दुखणे आहेच. जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स येथे एका बायबल महाविद्यालयाच्या मालकीचे धरण होते. आधी त्यावर वीज निघे. १९५७ मध्ये ती थांबली आणि पुढे केवळ करमणुकीचे तळे म्हणून ते उरले. त्यापासून मिळकत नाही, म्हणून देखरेखीला पैसा नाही. आणि मोडून टाकावे तर काठावरच्या लोकांचा त्यावर जीव. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले, ३९ जण गेले. देशातली खाजगी धरणे तपासून घेण्याचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले ते त्यानंतर. हे धरण जेमतेम बारा मीटर उंच होते. आपल्याकडे २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला, तो सरकारी-खाजगी दोन्हींना लागू आहे. पण पंधरा मीटरच्या वरची सगळी धरणे आणि दहा ते पंधरा मीटरमधली काही मोठ्या लांबीची, मोठ्या साठ्याची किंवा अवघड जागेची, एवढीच त्याच्या मापात बसतात. टोकोआचे धरण बहुधा त्या मापात बसले नसते. सह्याद्रीच्या कुशीत डोंगर कापून बंगल्यांपुढे जी शोभेची तळी होत आहेत, त्यांच्या खालच्या अंगाला कोण राहते, हे त्या मालकांना एकदा विचारून पाहायला हवे.

साउथ फोर्कच्या चौकशीचे काय झाले, तेही सांगतो. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने लगेच समिती नेमली. तिचा अहवाल १८९० च्या जानेवारीत तयार होता. प्रसिद्ध झाला १८९१ मध्ये. माथा छाटला नसता, मूळ धरण जसेच्या तसे असते, तरी त्या पावसात ते फुटलेच असते, असा निष्कर्ष त्यात होता. तो सव्वाशे वर्षे चालला. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या तीन संशोधकांनी बांधाची उरलेली टोके मोजून आणि पाण्याचा हिशोब नव्याने मांडून दाखविले की, माथा मूळ उंचीवर असता आणि दुसऱ्या टोकाचा जुना जोडसांडवा चालू राहिला असता, तर धरण त्या दिवशी तरले असते. एकंदर पाहता मला त्यांचेच म्हणणे पटते.

क्लब पुन्हा भरला नाही. क्लबघरातले सामानसुमान १९०४ मध्ये लिलावात निघाले. कार्नेगीने उद्ध्वस्त जॉन्सटाउनला एक वाचनालय बांधून दिले, ते १८९१ मध्ये उघडले. त्याच इमारतीत १९७३ पासून महापुराचे संग्रहालय आहे.